‘गरोदर महिलांनी येणे टाळावे’ असं कळवणाऱ्या पार्क व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक आणि मालक,
नागपूर

महोदय,

२८ डिसेंबरला मी तुमच्या पाळण्या-घसरगुंड्यांच्या पार्कात आले होते. मला सातवा महिना, सोबत पावणेतीन वर्षांची लेक, सासूबाई, पुण्याहून सुट्टीला आलेली नणंद आणि तिची दोन मुलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ईमेल केला. त्यात शिव्या नव्हत्या, सहा ओळींची तक्रार आणि तिकिटांचे फोटो होते. नवव्या दिवशी तुमचं उत्तर आलं, तीन वाक्यांचं. पहिल्यात आभार. दुसऱ्यात, तिकीट घेताना सर्व अटी तुम्ही मान्य केल्या आहेत. तिसरं जसंच्या तसं देते : ‘गरोदर महिलांनी पार्कला भेट देणे शक्यतो टाळावे, असे आम्ही सुचवितो.’

पहिल्या दोन वाक्यांवर मी गप्प बसले असते. तिसऱ्यामुळे हे चारचौघांत लिहिते आहे.

पार्कचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव आलं की ‘आमचं तर मस्त झालं होतं’ आणि ‘अशा दिवसांत जायचंच कशाला’ हे सुरू होतं आणि मुद्दा राहतो बाजूला. शिवाय ऑफिसात हे सांगितलं तेव्हा दोघींनी दोन वेगळ्या शहरांतल्या पार्कांची नावं घेऊन जवळपास हीच कहाणी सांगितली. तुम्ही स्वतःला ओळखालच.

मी रेल्वेच्या आरक्षण केंद्रात खिडकीवर बसते. अकरा वर्षं झाली. त्यामुळे तिकीट विकणाऱ्याची बाजू मला चांगली कळते. रांग वाढली की माणूस तुटक बोलायला लागतो, नियम आपण केलेला नसतो पण शिव्या आपल्याला बसतात, सगळं माहीत आहे. सकाळी दहाला एसीचं तत्काळ उघडतं, अकराला स्लीपरचं. त्या वेळी समोर प्रत्यक्ष टेकडीचा गणपती येऊन उभा राहिला तरी मी मान वर करणार नाही. तेव्हा तुमच्या खिडकीवरच्या पोराबद्दल, पाळणे चालवणाऱ्या मुलांबद्दल किंवा गेटवरच्या काकांबद्दल माझी काही तक्रार नाही. ही सगळी तक्रार नियम करणाऱ्यांबद्दल आहे.

तिकिटापासून सुरू करते, कारण तो माझा विषय आहे.

तुमच्या खिडकीशेजारी पत्र्याचा जिराफ उभा आहे. त्याच्या मानेवर तीन फुटांवर लाल रेघ. रेघेच्या खाली असलेलं मूल फुकट, वर गेलं की ९०० रुपये. लेकीच्या डोक्यावर त्या दिवशी आत्याने हौसेने नारळाच्या झाडासारखी उभी शेंडी बांधली होती आणि पायात जाड तळव्यांचे बूट. शेंडी-बुटांसकट ती रेघेच्या वर गेली. मी म्हटलं, बूट काढते, परत मोजा. ‘मॅडम, मागे रांग आहे.’ हे वाक्य मी स्वतः दिवसातून वीस वेळा म्हणते, त्यामुळे गुमान पैसे दिले. ती शेंडी आम्हाला महागात पडली म्हणून सासूबाई अजून नणंदेला चिडवतात.

पण खरं दुखणं जिराफाच्या दुसऱ्या रेघेत आहे. ती चार फुटांवर आहे आणि तिचा अर्थ आत गेल्यावर कळतो. चार फुटांखालच्या मुलाला तुमच्या बहुतेक पाळण्यांवर बसता येत नाही. सुरक्षेसाठी तो नियम असायलाच हवा, मी त्याच्याशी भांडत नाही. फक्त हिशेब बघा. आपल्याकडची मुलं अडीच-तीन वर्षांची झाली की तीन फुटांच्या आसपास येतात आणि चार फुटांना पोचेपर्यंत सात वर्षांची होतात. म्हणजे चार वर्षं ते लेकरू ९०० रुपये भरून इतरांना बसताना बघणार.

सासूबाईंचं तसंच. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी ३०० रुपयांचं ‘सोबती’ तिकीट घेतलं होतं. आत यायचं, बसायचं, नातवंडं बघायची. यंदा खिडकीवर कळलं की ते बंद झालं. ‘गर्दीच्या नियोजनासाठी.’ आता प्रत्येकाला १,१००. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईला आणि पोटुशी सुनेला तुम्ही जे तिकीट विकलंत त्यावर ‘सर्व राइड्स अमर्याद’ असं छापलं आहे. माझ्याकडे ठेवलंय ते.

आमच्याकडे, रेल्वेत, पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, कारण त्याला वेगळा बर्थ मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, हवा असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण. लोक त्यावरून अजून आमच्याशी भांडतात आणि मला त्यांचं म्हणणं काही अगदीच चूक वाटत नाही. तरी त्यात एक साधा हिशेब आहे : पूर्ण पैसे घेतले की पूर्ण बर्थ द्यावा लागतो. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात ६ ते ७ खालचे बर्थ ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरच्या बायका आणि गरोदर बायका यांच्यासाठी धरलेले असतात. रेल्वे ही काही फार हळवी संस्था नाही, आत बसून सांगते. पण पोटुशी बाईने प्रवास टाळावा असं पत्र तिने कोणाला पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता टॉय ट्रेनचं. हे जरा सविस्तर सांगावं लागेल.

तीन फुटांच्या मुलांसाठी तुमच्याकडे तीन गोष्टी आहेत : बेडकांचा पाळणा, गुडघाभर पाण्याचा हौद आणि टॉय ट्रेन. बेडूक त्या दिवशी ‘दुरुस्तीसाठी बंद’ होते. हौदातलं पाणी डिसेंबरचं, आणि लेकीचा खोकला नुकता कुठे गेला होता. राहिली ट्रेन. त्यातून ही पोर रेल्वेवाल्यांच्या घरातली. आई खिडकीवर, बाबा गार्ड. (२०२२ पासून कागदोपत्री त्यांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, आमच्या घरात मात्र गार्डच.) बाबा त्या दिवशी ड्युटीवर भुसावळकडे गेले होते, म्हणून तिला सकाळपासून सांगून ठेवलं होतं की आज तुलाही गाडीत बसवू.

चार डब्यांची गाडी. इंजिनाला डोळे आणि झुपकेदार मिशा. ती माझा हात सोडून धावली, पहिल्या डब्यात चढून बसली आणि शेजारची जागा थोपटून म्हणाली, ‘आई, तू इकडे.’ मी पाय उचलणार तेवढ्यात गाडी चालवणारा मुलगा पळत आला. ‘मॅडम, तुम्हाला नाही बसता येत.’ त्याने बोर्ड दाखवला. खरंच लिहिलेलं होतं : हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचे आजार, गरोदर महिला. मग सासूबाई पुढे झाल्या. खालच्या ओळीत ‘६० वर्षांवरील व्यक्ती’. मग मी म्हटलं, तिला एकटीला बसव, मी रुळाच्या कडेने चालते. तर चार फुटांखालच्या मुलासोबत मोठं माणूस बंधनकारक. नणंद तेव्हा मुलांना घेऊन पार दुसऱ्या टोकाला मोठ्या पाळण्याच्या रांगेत, आणि तिचा फोन लॉकरमध्ये.

त्या मुलाने लेकीला उचलून खाली ठेवलं. हळूच ठेवलं, त्याचं काही चुकलं नाही. ती लगेच रडली नाही. गाडी सुटली तशी तिने इंजिनाकडे बघितलं, मग माझ्या पोटावर बोट ठेवून विचारलं, ‘बाळ आहे म्हणून?’

दोन महिन्यांपासून आम्ही घरातले चौघं त्या पोरीला पढवतो आहोत की बाळ आलं की मज्जा येणार, बाळ तुझ्याशी खेळणार, बाळ तुझ्यासाठीच येतंय. त्या एका बोर्डाने त्यावर पाणी फिरवलं. त्यानंतर ती जी रडायला लागली ती आइस्क्रीमवरही थांबली नाही.

गाडी फेरी मारत होती तेव्हा मी खरोखर रुळाच्या कडेने चालून पाहिलं. मी गाडीच्या पुढे निघून गेले. सातव्या महिन्यात, चपला घालून.

मोठ्या पाळण्यांवरच्या बोर्डांशी माझं भांडण नाही, हे पुन्हा सांगते. जोराचा झटका बसला, एकदम वेग घेऊन एकदम थांबलं, तर वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते. मग आईचाही जीव धोक्यात आणि बाळाचाही. हे पहिल्या खेपेलाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाण्याच्या उंच घसरगुंड्यांचंही तेच. कोणी मला त्यावर बसवलं असतं तर मी त्याविरुद्ध पत्र लिहिलं असतं. पण तुम्ही सगळ्या बोर्डांवर एकच मजकूर छापून टाकला आहे. आकाशात उलटं टांगणाऱ्या यंत्रावर जो बोर्ड, तोच मिशीवाल्या इंजिनावर. कोणती गोष्ट किती वेगाने फिरते याचा विचार न करता बोर्डांची एकगठ्ठा ऑर्डर दिली असणार. डॉक्टरांना मी नंतर विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘तू ऑटोत बसून ज्या रस्त्याने तपासणीला येतेस, तो आधी बंद कर.’

नणंद चाळीस मिनिटांनी आली आणि तिने एक फेरी मारून आणली. लेकीच्या ९०० रुपयांत मिळालेली ती एकुलती एक फेरी.

आता खाण्याचं. डिसेंबरच्या सुरुवातीला मला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासलं. १४० च्या आत हवं, माझं १५८ आलं. गरोदरपणातली साखर म्हणतात तिला. औषध अजून नाही, पण दर दोन-तीन तासांनी थोडं खायचं आणि काय खायचं त्याचा कागद फ्रिजवर चिकटवलेला. म्हणून डबा नेला होता : ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, उकडलेले हरभरे. लेकीसाठी मुगाची खिचडी. आणि पिशवीत आठ संत्री, कारण डिसेंबरात नागपूरचं माणूस घराबाहेर पडताना संत्री घेणार नाही तर काय घेणार?

गेटवर पिशवी उघडली गेली. बाहेरचं खाणं चालत नाही. मी मोबाइलवर फाईलचा फोटो दाखवला. गेटवरच्या काकांना तो वाचायचा अधिकारच नव्हता, त्यांनी सुपरवायझरला फोन लावला. सुपरवायझरने खिचडी सोडली आणि भाकरी अडवली. ‘आणि संत्री?’ मी विचारलं. काका ओशाळून म्हणाले, ‘ताई, संत्रं बी बाहेरचंच होते म्हणते साहेब.’ नागपुरात!

फूड कोर्टात पिझ्झा, नूडल्स, पावभाजी, गुलाबजाम, शीतपेयं. ‘साखर-मैदा नसलेलं काय आहे?’ असं विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने बराच विचार करून डाएट कोल्ड्रिंक पुढे केलं. प्यायच्या पाण्याचा नळ एकच, लॉकरच्या मागे, त्याची तोटी गेलेली. बाटली वीसची तीसला.

मला माहीत आहे की जागेच्या मालकाला बाहेरचं खाणं अडवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सिनेमागृहांबद्दल तसंच म्हटलं. पण त्याच निकालात हेही आहे की स्वच्छ पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या-लहान मुलांसाठी पालकांनी बेताचं खाणं आणलं तर त्याला आडकाठी नको. तो निकाल थिएटरांचा आहे, पार्कांचा नाही, असं तुमचे वकील म्हणतील. म्हणू देत. तीन तासांच्या सिनेमाला जे लागू आहे, ते सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उन्हात फिरवणाऱ्या जागेला लागू करायला न्यायालयाची वाट कशाला बघायची?

उन्हावरून बसण्याचं आठवलं. तुमच्या अख्ख्या पार्कात पैसे न देता सावलीत बसता येईल अशी जागा मला सापडली नाही. बाक आहेत, पण ते ऐन उन्हात, आणि निम्म्यांवर ओले टॉवेल वाळत घातलेले. छत्रीखालच्या खुर्च्या ‘प्रीमियम’, त्यांचं भाडं वेगळं. लॉनच्या कडेच्या कट्ट्यावर बसले तर शिटी वाजली. हे डिसेंबरात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि तुमचा खरा धंदा तेव्हाच असतो. त्या उन्हात पोटुशी बाईला पाणी कमी पडलं तर नुसतं डोकं दुखून भागत नाही, कळा सुरू होऊ शकतात.

मोरीचं जास्त लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सातव्या महिन्यात दर अर्ध्या तासाला जावं लागतं. बायकांची सोय दोनच ठिकाणी आहे, गेटपाशी आणि लाटांच्या तलावापाशी. दुसऱ्या ठिकाणची फरशी गुळगुळीत आणि कायम ओली, धरायला कठडा नाही. पोट पुढे आलं की चालताना तोल बदलतो; मी भिंतीला हात लावत लावत गेले, सासूबाई मागून कंबर धरून. लेकीचे ओले कपडे बदलायला साधा ओटा नाही. बेसिनच्या शेजारी उभी करून बदलले, एका हाताने तिला धरून. भिंतीत एक खुंटीसुद्धा नाही हो.

तिथून बाहेर आले तर कॉस्ट्यूमच्या काउंटरमागे एक बाई ओढणी डोक्यावरून घेऊन बाळाला पाजत बसली होती, प्लास्टिकच्या उलट्या क्रेटवर. रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव आपण एसटी स्टँडवरच्या खोल्यांना दिलं. त्या खोल्या कशा असतात हा वेगळा विषय, पण निदान दारावर पाटी तरी असते. डिसेंबर २०२२ मध्ये याच नागपुरात, हिवाळी अधिवेशनाला, देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन विधानभवनात आल्या होत्या. फोटो सगळ्यांनी पाहिला, कौतुक केलं. पुढच्या, मुंबईतल्या अधिवेशनात तिथल्या हिरकणी कक्षातली धूळ त्यांनाच दाखवून द्यावी लागली, तेव्हा कुठे साफसफाई झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्याच्या जागांबद्दल राज्यांना पुन्हा आठवण करून द्यायला केंद्राला सांगितलं. ते आदेश सरकारी इमारतींसाठी, तुमच्यावर थेट बंधन नाही, हे मी मान्य करते. क्रेटवर बसलेल्या त्या बाईच्या तिकिटाचे पैसे मात्र तुम्ही थेट घेतले होते.

आणखी एक. दुपारी मला जरा गरगरलं, तेव्हा प्रथमोपचाराची खोली शोधत गेलो. पाटी आहे, खोली आहे, कुलूपही आहे. किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर जेवायला. पंधरा मिनिटांनी ते आले. आत एक खाट, कापूस आणि मुदत उलटलेलं मलम. रक्तदाब मोजायचं यंत्र नाही. माझं निभावलं, थोडं खाल्ल्यावर बरं वाटलं. दर अर्ध्या तासाला माणसं उंचावरून खाली सोडणाऱ्या जागेत हे असावं, याची मला त्या गरगरण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

आता तुमच्या तिसऱ्या वाक्याबद्दल.

मी घरात बसावं असं तुम्ही सुचवता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात माझी तारीख आहे. त्यानंतर या पोरीला माझी मांडी निम्मी मिळणार, झोप मोडलेली आई मिळणार आणि ‘तू आता मोठी झालीस ना’ हे वाक्य दिवसातून दहादा ऐकायला मिळणार. त्याआधी एक दिवस पूर्ण तिचा असावा, एवढ्यासाठी आले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. रोज आठ तास खिडकीवर बसतेच आहे. याच शहरात आठव्या महिन्यातल्या बायका डोक्यावर विटा वाहतात, शहराबाहेर पऱ्हाटीत कापूस वेचतात, तेव्हा त्यांना कोणी ‘टाळावे’ असं कळवत नाही. आम्ही मजा करायला निघालो की सगळ्यांना आमची तब्येत आठवते.

आणि आपल्याकडची रीत तर उलटीच आहे. पोटुशीचं मन राखायचं म्हणून डोहाळे पुरवतात. डोहाळजेवणाला तिला फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर बसवतात, कोणी नावेत बसवतात, कोणी चांदण्यात, कोणी बागेत. माझं डोहाळजेवण परवाच झालं. सगळ्या बायकांनी मिळून झोका दिला, सासूबाईंनी पहिला. कोणी बोर्ड दाखवला नाही.

म्हणून मागण्या. सरळ लिहिते.

‘सोबती’ तिकीट परत सुरू करा. ज्याला कोणत्याही राइडवर बसता येणार नाही, त्याच्याकडून ‘सर्व राइड्स’चे पैसे घेऊ नका. तीन ते चार फुटांच्या मुलांचा वेगळा, कमी दर ठेवा आणि ज्या दिवशी त्यांच्या तीनपैकी एक गोष्ट बंद असेल त्या दिवशी खिडकीवरच तसं लिहा.

कोण कशावर बसू शकतं याचा एक तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत, तिकीट खिडकीच्या आधी लावा. ऑनलाइन बुकिंगच्या पानावरही, पैसे भरण्याच्या आधी. सध्या ते बारीक इंग्रजीत अटींच्या आठव्या मुद्द्यात आहे, आणि वर हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो.

बोर्डावरचा मजकूर प्रत्येक राइडसाठी जाणकाराला विचारून वेगळा करा. टॉय ट्रेनपासून सुरुवात करा.

आजारपणाचा किंवा गरोदरपणाचा कागद दाखवला तर डबा आत सोडा. लहान मुलांचं खाणं आणि फळं कागदाशिवायच सोडा. नळाची तोटी बसवा.

सावलीत फुकटचे बाक, मोरीत कठडा आणि खुंट्या, बाळांसाठी एक स्वच्छ बंद खोली. प्रथमोपचाराची खोली पार्क चालू असेपर्यंत उघडी, आत माणूस.

माझ्या पैशांचं : सासूबाईंच्या आणि माझ्या तिकिटातले सोबती दरापेक्षा जास्त घेतलेले प्रत्येकी ८०० आणि लेकीचे ९००, एकूण २,५०० रुपये. हा आकडा छोटा आहे आणि मी तो सोडून देईन असं तुम्हाला वाटत असेल. रिफंडचे फॉर्म तपासणं हे माझं रोजचं काम आहे, मला कंटाळा लवकर येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एकतर्फी अटींच्या कराराला ‘अनुचित करार’ असा शब्द आहे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मी लावून पाहिला आहे, लागतो. ही धमकी नाही. पंधरा दिवस वाट बघते. त्यानंतर मी रजेवर असेन आणि माझ्याकडे वेळ असेल. या पत्राची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला देते आहे.

आपली,
२८ डिसेंबरची एक तिकीटधारक

ता. क. : तुमच्या गेटवरच्या काकांबद्दल एक लिहायचं राहिलं. दुपारी मला गरगरलं तेव्हा भाकरीचा डबा गेटवरच होता, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. काकांनी त्यांची खुर्ची फिरत्या गजांच्या अगदी रेषेवर आणून ठेवली, दोन पाय आत, दोन बाहेर. म्हणाले, ‘बसा ताई, आता तुमी बाहेरबी नाही अन् आतबी नाही.’ मी तिथे बसून डबा खाल्ला. तोवर ते उभे राहिले. संध्याकाळी संत्री परत देताना म्हणाले, ‘मोजून घ्या, मंग म्हणसान एक कमी आहे.’ आठ होती. दोन त्यांना दिली, घेत नव्हते. हे नियमात बसत नाही म्हणून कृपा करून त्यांना बोलू नका. द्यायचीच असेल तर गेटवर आणखी एक खुर्ची द्या.